शेळीचं पोट बिघडलं : आधी ओळखा, मग घरचं औषध द्या



लगीनसराई सरता सरता आमच्या कार्यक्रमाला एका ताईंचं पत्र आलं. घरी लग्न होतं. भात आणि बुंदी पुष्कळ उरली. अन्न वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी घमेलंभर अन्न दावणीच्या दोन शेळ्यांपुढं ठेवलं. शेळ्यांनी ते चाटूनपुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी सुस्त, कुशी भरलेल्या, रवंथ बंद. पोट फुगलं असं समजून ताईंनी गोडंतेल पाजलं. गुण येईना म्हणून ताक पाजलं, वर गूळ-सुंठीची गोळी दिली. संध्याकाळी एक शेळी गेली. ती गाभण होती. दुसरी वाचली, पण महिनाभर लंगडत होती. ताई विचारतात, "आम्ही सगळं घरचं औषध वेळेवर केलं, मग चुकलं काय?"

ताई, तुमची माया कमी पडली नाही. औषध दुसऱ्या दुखण्याचं दिलं गेलं. कुशी भरली की तेल, हगवण लागली की ताक, खाईना की गूळ-सुंठ, असं आपल्याकडं ठरून गेलं आहे. पण शेळीचं पोट चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी बिघडतं आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष होतं. म्हणून या पत्रकात पुड्यांची यादी देण्यापेक्षा ओळख कशी करायची ते जास्त सांगतो.

पोटातली कोठी

शेळीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला सगळ्यात मोठा, डाव्या कुशीला असतो. आपण त्याला कोठीपोट म्हणू. शेळीनं घाईघाईनं तोडलेला पाला आधी या कोठीत जातो. मग ती निवांत बसून तोच घास परत तोंडात आणते आणि चावते. कोठीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीवजंतू राहतात. चारा खऱ्या अर्थानं तेच पचवतात, शेळी त्यांच्या कमाईवर जगते. तुम्ही शेळीला चारता म्हणजे आधी या जंतूंना चारता, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

या जंतूंना सवयीचा चारा लागतो. कडबा, पाला, गवत पचवणारे जंतू वेगळे आणि दाणे, भात, साखर यांवर वाढणारे वेगळे. चारा हळूहळू बदलला तर आठ-दहा दिवसांत जंतूंची वस्तीही बदलते. एकदम बदलला तर कोठीत गोंधळ माजतो. शिवाय चारा पचताना कोठीत आंबटपणा आणि वायू तयार होतच असतो. वायू ढेकरेवाटे बाहेर जातो. आंबटपणा मोडण्याचं काम लाळ करते, कारण लाळेत निसर्गतःच सोडा असतो. शेळी जितकं चावेल, रवंथ करेल तितकी लाळ पोटात उतरते. म्हणून वाळला, काडीचा चारा हे पोटाचं पहिलं औषध. ते फुकटचं आहे म्हणून त्याला कोणी औषध म्हणत नाही, एवढंच.

रोज सकाळी दावणीवर गेलात की एक काम करा. शेळीच्या डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खोलगट जागेत, मूठ दाबून धरा. निरोगी शेळीत मिनिटाला एक-दोन वेळा आतून लाट आल्यासारखी मूठ उचलली जाते. घड्याळ लावून दोन मिनिटं बघा. लाट येते, लेंड्या सुट्या-सुट्या पडल्या आहेत, शेळी रवंथ करते, तर पोट ठीक आहे. चांगल्या शेळीचं पोट हाताला कसं लागतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच बिघडलेलं ओळखता येतं.

खरी पोटफुगी

पावसाळ्यातला कोवळा चारा, दवानं ओला लसूणघास किंवा बरसीम शेळीनं उपाशीपोटी भरपूर खाल्ला की कोठीत साबणासारखा फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो आणि ढेकर येत नाही. हे तासा-दोन तासांत घडतं. डावी भकाळी आत असायची ती फुगून बाहेर येते, टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज येतो. शेळी उठबस करते, पाय झाडते, तोंडानं श्वास घेते. फुगलेलं पोट छातीला दाबतं आणि जनावर गुदमरून मरतं. इथं वेळ दवडून चालत नाही.

इथं मात्र गोडंतेल खरोखर गुणाचं. तेलानं फेस मोडतो आणि वायू मोकळा होतो. मोठ्या शेळीला 50 ते 100 मिली, म्हणजे अर्धी ते एक वाटी, शेंगदाण्याचं, करडईचं, घरात असेल ते खाण्याचं तेल द्या. करडाला 15-20 मिली पुरे. मग शेळीचे पुढचे पाय ओट्यावर किंवा उंचवट्यावर येतील अशी उभी करा. कडुनिंबाची बोटभर जाड काडी लगामासारखी तोंडात आडवी घालून दोरीनं कानामागं बांधा. शेळी ती चघळत राहते, लाळ सुटते, ढेकर येते. डावी कूस खालून वर चोळा, हळूहळू चालवा. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा श्वास जड होत असेल तर डॉक्टरांना बोलवा. सुरी-चाकू खुपसून वायू काढायचा खटाटोप घरी करू नका. फेसाच्या फुगीत भोकातून वायू निघतही नाही, उलट पोटातली घाण आत सांडते.

रॉकेल पाजणारे अजून भेटतात. रॉकेल छातीत उतरलं की फुप्फुसं जळतात. ते नकोच.

एक सावधगिरी. आंब्याची कोय, रताळं, बटाटा असं काही घशात अडकलं तरीही पोट फुगतं, कारण ढेकरेची वाट बंद होते. अशी शेळी मान ताणते, लाळ गाळते, खोकते आणि मानेच्या डाव्या बाजूला गाठ लागते. तिला तेल पाजू नका, पाणीही नको. ते खाली न जाता श्वासनळीत जाईल. इथं डॉक्टरच हवा.

दाण्याचा आणि उष्ट्या अन्नाचा आंबटपणा

आता ताईंच्या शेळ्यांकडे येऊ. भात, पोळ्या, बुंदी, खळ्यावरची ज्वारी, गहू, मका, भरडा, हे सगळं एकाच जातीचं : भराभर आंबणारं. सवय नसलेल्या शेळीनं हे एकदम खाल्लं की आंबटपणा करणारे जंतू माजतात आणि चारा पचवणारे मरतात. कोठीतलं पाणी आंबलेल्या ताकासारखं होतं. तोच आंबटपणा रक्तात उतरतो. अंगातलं पाणी कोठीत ओढलं जातं, म्हणून डोळे खोल जातात. याला आम्लविषार म्हणतात. सवय नसलेल्या 25 किलोच्या शेळीनं किलो-दीड किलो दाणे खाल्ले तरी जीव जाऊ शकतो.

ओळख अशी. ही शेळी लगेच आजारी दिसत नाही. आज संध्याकाळी खाल्लं तर उद्या सकाळी त्रास दिसतो. भकाळी ढोलकीसारखी वाजत नाही. हाताला आधी मळलेल्या कणकेसारखी लागते, नंतर आत पाणी डुचमळतं. मूठ धरली तर लाट नाही. हगवण पातळ, आंबूस वासाची, तिच्यात अख्खे दाणे दिसतात. शेळी दारू प्यायल्यासारखी झुलते, दात खाते आणि मग बसून राहते.

आता बघा. ताक मुळात आंबट, आणि गूळ पोटात जाऊन आंबणारच. म्हणजे आधीच पेटलेल्या भट्टीत आपण सरपण टाकलं. या दुखण्यात ताक, गूळ, पेज, कांजी, भरडा यातलं काहीही देऊ नका. तेलानं अपाय मोठा नाही, पण उपयोगही नाही आणि त्यात हातचा वेळ जातो.

इथलं घरचं औषध म्हणजे खाण्याचा सोडा. किलो वजनाला एक ग्रॅम हा हिशेब. म्हणजे 25 किलोच्या शेळीला 25 ग्रॅम, चहाचे पाच सपाट चमचे, अर्धा लिटर पाण्यात विरघळवून सावकाश पाजा. कपडे धुण्याचा सोडा नव्हे, बरं का. त्यानं तोंड आणि आतडी भाजतात. घरात बायकांना विचारा, भज्यात घालतो तोच सोडा. दाणे खाल्ल्याचं कळलं की शेळी आजारी पडायची वाट न बघता तेव्हाच द्या. दाण्याचा कण समोर ठेवू नका, फक्त वाळलं गवत किंवा कडबा टाका. पाण्याची बादली समोर ठेवून पोटभर पिऊ देऊ नका, थोडं थोडं पाजत राहा. शेळी उठेना, डोळे खोल गेले, तर सोड्यावर विसंबू नका. तिला शिरेतून सलाईन लागतं.

वाचलेली शेळी लंगडते त्याचं कारणही हेच. आंबटपणामुळं खुराच्या आतल्या मांसाला सूज येते. पाय मुरगळला म्हणून शेक देत बसू नका, जमीन मऊ ठेवा आणि डॉक्टरांना खूर दाखवा.

मग उरलेलं अन्न टाकायचं का? घरटी मूठ-मूठ वाटून द्या, एका शेळीपुढं घमेलं नको. जास्त असेल ते सरळ खताच्या खड्ड्यात घाला. घमेलंभर भातापेक्षा गाभण शेळी महाग आहे.

युरियाचं पाणी : सोड्याच्या उलट

फवारणीला किंवा पिकाला द्यायला पिपात युरिया कालवून ठेवतो आणि तहानलेली शेळी त्यात तोंड घालते. पाऊण-एक तासाच्या आत ती थरथरते, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं, तोल जातो. बघणाऱ्याला ही साधी पोटफुगी वाटते. युरियानं कोठी आंबट होत नाही, उलट खारी होते, अमोनिया तयार होतो. इथं सोडा दिलात तर मरण जवळ आणाल. इथं आंबटच हवं. अर्धा ते एक लिटर व्हिनेगर, म्हणजे दुकानात मिळणारा शिरका, तितक्याच थंड पाण्यात मिसळून पाजा. तो नसेल तर चिंचेचा दाट कोळ थंड पाण्यात कालवून द्या. त्याचा जोर कमी, पण काहीच न देण्यापेक्षा बरा. आणि लगोलग डॉक्टरांना बोलवा. काय खाल्लं हे कळल्याशिवाय औषध देऊ नका म्हणतो ते याचसाठी. आधी भोवताली बघा : रिकामं घमेलं आहे, पोत्याचं तोंड सुटलंय, की पीप उघडं आहे?

ज्वारीचे कोवळे फुटवे, पाण्याचा ताण बसून सुकलेले पोंगे खाऊन जे किरळ लागतं, त्याला घरचं औषध नाही. मिनिटांचा खेळ असतो. शिरेतून इंजेक्शन मिळालं तर जनावर वाचतं. म्हणून गुडघ्याइतकी ज्वारी असलेल्या वावरात, आणि कापणीनंतर खोडवा फुटलेल्या रानात शेळ्या सोडू नका. फुलोऱ्यानंतर कापून वाळवलेल्या कडब्याची भीती तितकी नाही.

साधं अपचन आणि मसाल्याचा डबा

शेळी थोडी कमी खाते, रवंथ मंद, लेंड्या घट्ट किंवा चिकटलेल्या, ताप नाही, पोट फुगलेलं नाही. हवा बदलली, चारा बदलला, प्रवास झाला की असं होतं. आजीबाईचा बटवा इथं कामाला येतो. ओवा एक चमचा, सुंठ अर्धा ते एक चमचा, हिंग चिमूटभर, काळं मीठ एक चमचा, सगळं कुटून लिंबाएवढ्या गुळात गोळी करा. सकाळ-संध्याकाळ, दोन-तीन दिवस. दाणे खाल्लेल्या शेळीला नाही, हे पुन्हा सांगतो. गाईसाठी कांदा, लसूण, जिरे, मिरी, हळद, आलं, विड्याची पानं आणि गूळ यांचा लगदा टाळूला चोळून देण्याची पद्धत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सांगतं. म्हणजे आपल्या आज्ज्या अगदीच अडाणी नव्हत्या. तीन दिवसांत खाणं सुधारलं नाही तर मसाला वाढवत बसू नका. मुळाशी जंत, ताप किंवा पोटात गेलेलं प्लास्टिक असेल. प्लास्टिकला ओवा काय करणार?

आणखी एक जुना उपाय आम्हाला मोलाचा वाटतो. निरोगी जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी जनावराला भरवायची चाल काही गावांत होती. लोक हसायचे. पण त्यामागचं कारण पक्कं आहे : मेलेल्या जंतूंच्या जागी जिवंत जंतू जातात. पशुवैद्य आजही हे करतात, फक्त जास्त प्रमाणात. गावच्या खाटकाकडं निरोगी बोकड कापला असेल तर त्याच्या कोठीतला ताजा चोथा फडक्यातून पिळून अर्धा ते एक लिटर रस घ्यायचा आणि गार होण्याआधी पाजायचा. बरेच दिवस खाणं सोडलेल्या शेळीला यानं पुन्हा भूक लागते. आम्लविषार झाला असेल तर आधी सोड्यानं आंबटपणा मोडायचा, मग हा रस, नाहीतर नवे जंतूही त्यात मरतील. बोकड रोगट नव्हता ना, ते आधी डॉक्टरांना विचारा.

करडांची हगवण

दूध पिणाऱ्या करडाची कोठी अजून तयार नसते. दूध सरळ चौथ्या पोटात जातं. त्यामुळं मोठ्या शेळीचे मसाले त्याला देऊ नका. करडू हगवणीनं मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं. पोटच्या पोराला देतो तेच पाणी त्याला द्या : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा. औषधाच्या दुकानातली जलसंजीवनीची पुडी त्याहून चांगली. पाच किलोच्या करडाला दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर, पाच-सहा वेळा विभागून, कोमट करून पाजा. आईचं दूध तोडू नका. दूध आणि हे पाणी एकत्र कालवू मात्र नका, दोहोंत तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. खाऊ लागलेल्या करडाला बेलफळाचा गर किंवा डाळिंबाच्या सालीचा थोडा काढा चालतो, पण तो पाण्याच्या जोडीला, पाण्याऐवजी नव्हे.

करडाच्या हगवणीत रक्त दिसलं तर ते बहुधा आतड्यातल्या रक्ती हगवणीच्या जंतूंचं काम. तिथं डाळिंब आणि बेल हरतात, सल्फा जातीचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं लागतं. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, ताप आणि वर हगवण असं कळपात एकामागून एक दिसलं तर तो पीपीआर असू शकतो. आजारी शेळ्या वेगळ्या बांधा आणि दवाखान्यात कळवा. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की याची लस टोचून घ्या. आणि पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर सोडलेलं, सगळ्यात धष्टपुष्ट करडू रात्रीत मरून पडतं, त्याला लोक करणी म्हणतात. तो आंत्रविषार. त्याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये टोचतात. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस चुकवू नका. यावर घरचा उपाय नाही.

पाजायचं कसं

औषध बरोबर आणि शेळी मेली, असं पाजण्याच्या चुकीनं होतं. तोंड आभाळाकडं करू नका. जबडा पाठीच्या रेषेत राहील एवढाच उचला. जीभ ओढू नका. बांबूच्या नळकांड्यातून किंवा प्लास्टिकच्या बाटलीतून गालफडाच्या बाजूनं घोट-घोट सोडा, गिळू द्या. खोकली की लगेच डोकं खाली सोडा. काचेची बाटली दातांत फुटते. आडव्या पडलेल्या, शुद्ध हरपलेल्या जनावराला काहीही पाजू नका.

गोठ्याच्या आढ्याला एक डबा टांगून ठेवा. त्यात पाव किलो खाण्याचा सोडा, खाण्याच्या तेलाची छोटी बाटली, व्हिनेगरची बाटली, जलसंजीवनीच्या चार पुड्या, ओवा-सुंठ-हिंग-काळं मीठ यांची पुडी आणि तोंडात घालायची कडुनिंबाची काडी दोरीसकट. सोड्याच्या पुडीवर "दाणे खाल्ले" आणि व्हिनेगरवर "युरिया प्याली" असं मोठ्या अक्षरात लिहा. रात्री घाईत दोन्हीची अदलाबदल होता कामा नये. डब्याच्या झाकणावर 1962 हा पशुवैद्यकीय फिरत्या दवाखान्याचा नंबर खडूनं नको, रंगानं लिहा. फोन लावला की आधी हे सांगा : काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, डावी कूस ढोलकीसारखी की कणकेसारखी, आणि तुम्ही आतापर्यंत काय पाजलंत.